फ्लॅटमधले चौघेही पितात, मग अडकला फक्त माझाच भाऊ, असं का? (मोठं आहे, पण वाचा प्लीज)

पावसाळी_छत्री
नमस्कार मंडळी. नाव टाकत नाहीये, आमच्याकडचे अर्धे लोक इथे वाचत असतात. मी कोथरूडला राहते. धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे, हिंजवडीत नोकरीला लागून दीड वर्ष झालं, वाकडला अजून तिघांबरोबर फ्लॅट घेऊन राहतो. आईबाबा सांगलीला असतात, म्हणजे इथे त्याचं घर म्हणाल तर मीच. तो घेतो हे मला पहिल्यापासून माहितीये आणि त्यात मला काही वावगंही वाटलं नव्हतं, आम्ही दोघंही गोव्याला गेलो की बिअर घेतो, आमच्या घरात सोवळं वगैरे कुणी नाही.

गणपतीत त्याचे रूममेट गावी गेले होते आणि हा फोन उचलेना, म्हणून मंगळवारी दुपारी मी डबा घेऊन धडकले. वर्क फ्रॉम होम चालू होतं. टेबलावर लॅपटॉप, शेजारी स्टीलचा पेला, मला वाटलं ताक असेल, उचलून वास घेतला तर काय ते कळलंच. मग ओट्याखाली डस्टबिन शोधायला वाकले तर तिथे क्वार्टरच्या बाटल्या. आणि त्या फेकलेल्या नव्हत्या हो, धुऊन, झाकणं लावून, एका रांगेत ठेवलेल्या. मी मोजल्या नाहीत. मोजायची हिंमत झाली नाही.

भांडण नाही केलं. जेवायला वाढलं आणि गप्प बसले, तर अर्ध्या तासाने स्वतःच बोलला. म्हणाला, ताई, क्लायंटचा कॉल असला की आदल्या रात्रीपासून पोटात गोळा येतो, दोन घेतल्या की मी बोलतो, नाहीतर घशातून आवाजच फुटत नाही. हा लहानपणापासून असाच आहे. पाचवीत वक्तृत्व स्पर्धेत नाव पुकारल्यावर बाथरूममध्ये कडी लावून बसला होता, शेवटी शिपाईमामांनी बाहेर काढला.

आई म्हणते संगत वाईट. पण शनिवारी रात्री त्याचे मित्र त्याच्यापेक्षा जास्त पितात, आणि सोमवारी सकाळी टकाटक ऑफिसला असतात! मग हाच का? स्वभावाचा काही संबंध असतो का? आमचे आजोबाही प्यायचे, ते रक्तात येतं का? आणि मी नेमकं कशावर लक्ष ठेवू, बाटल्यांवर की अजून कशावर?

पेठेतला_काका
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चोविसाव्या वर्षी हातात पगार, डोक्यावर कुणी मोठं माणूस नाही आणि बिल्डिंगखाली वाइन शॉप, दुसरं काय होणार. महाराष्ट्रात पंचविशीच्या आत हार्ड दारू विकायचीच नाही असा कायदा आहे, पण वय विचारलेलं मी तरी आजवर पाहिलं नाही. त्याचं एटीएम कार्ड ताब्यात घ्या, सहा महिने तुमच्या घरी आणून ठेवा. स्वभाव बिभाव नंतर बघू.

मनकवडी
काका, घरी आणून ठेवा हे ठीक, पण कार्ड काढून घेतलं तर तो उधारीवर पिईल आणि वर ताईशी बोलणंही बंद करेल, ते जास्त महागात पडेल.

मी समुपदेशक आहे, कॉलेजच्या आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींबरोबर काम करते. पावसाळी_छत्री, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बाटल्या नाहीत, तो जे वाक्य बोलला ना, "दोन घेतल्या की मी बोलतो", ते आहे. माणूस किती पितो याच्याइतकंच, खरं तर बऱ्याचदा त्याहून जास्त, तो कशासाठी पितो ते बघावं लागतं. १९९४ मध्ये कूपर नावाच्या संशोधक बाईंनी पिण्यामागच्या कारणांची चार गटांत मांडणी केली, ती आजही वापरतात. कुणी मजा म्हणून पितं, कुणी चारचौघांत रंगत यावी म्हणून, कुणी आपण वेगळे पडू नये म्हणून, आणि कुणी आतलं काहीतरी दाबायला, म्हणजे भीती, उदासी, एकटेपणा असं काहीही. मजा म्हणून पिणारे पुष्कळदा प्रमाणाने जास्त पितात, शनिवारी रात्री अगदी कहर करतात, तुमच्या भावाचे मित्र बहुधा ह्यातलेच. पण दारूवाचून चालत नाही, लपवावी लागते, कामाच्या वेळीही लागते, ह्या तक्रारी सगळ्यात जास्त चिकटलेल्या दिसतात त्या शेवटच्या कारणाला. दाबायला पिणाऱ्याला पार्टी लागत नाही ना, मंगळवारची दुपार पुरते.

आता ह्यात फसगत कशी होते बघा. दारू मेंदूला शांत करणारी रसायनं वाढवते आणि उत्तेजित करणारी दाबते, म्हणून पंधरा-वीस मिनिटांत पोटातला गोळा खरंच विरघळतो. तो खोटं बोलत नाहीये, त्याला औषध सापडलंय असंच वाटत असणार. पण मेंदू गप्प बसत नाही, तोल सावरायला उलट्या बाजूला जोर लावतो, आणि दारू उतरली की तो जोर तसाच मागे राहतो. म्हणून दुसऱ्या दिवशी धडधड, हाताला घाम, उगाच भीती. झोपही लागते पटकन पण पहाटे तीनला टक्क जाग. म्हणजे सोमवारच्या कॉलची भीती घालवायला घेतलेली दारू बुधवारच्या कॉलची भीती वाढवून ठेवते, आणि त्याला वाटतं आपला स्वभावच दिवसेंदिवस बिघडत चाललाय, मग अजून एक.

वर त्याची खात्री पटलेली असते की बोलतो ते दारूमुळेच. प्रयोगांमध्ये लोकांना व्होडका म्हणून नुसतं टॉनिक वॉटर दिलेलं आहे, तरी मंडळी सैलावलेली आहेत. म्हणजे थोडं काम दारूचं आणि थोडं ह्या खात्रीचं. पण ज्याने गेले कित्येक महिने दारूशिवाय एकही कॉल केला नाही त्याला हे कळणार तरी कसं?

कोरडा_दिवस
वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त आतून सांगतो. वय ३३, सहा वर्षं झाली बंद करून. लातूरहून एमपीएससीला आलो होतो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, एका खोलीत पाच जण, सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, रात्री परत अभ्यासिका. रिझल्टच्या दिवशी सगळेच प्यायचे, पास झालेले पण आणि नापास झालेले पण. फरक दुसऱ्या दिवशी दिसायचा, ते अभ्यासिकेत जाऊन बसायचे आणि मी परत दुकानाकडे.

माझा स्वभाव काही लाजाळू नव्हता. माझं वेगळंच होतं, डोकं फिरलं की ब्रेक सुटायचा. घरून फोन आला, बापाने पैशावरून दोन शब्द ऐकवले, की त्याच मिनिटाला काहीतरी करायलाच पाहिजे, मग गाडी पळव, कुणाशी तरी भांड, नाहीतर पी. एरवी मी एकदम शहाणा, हिशोबाची वही ठेवायचो. नंतर कळलं की ह्या प्रकाराला मानसशास्त्रात वेगळं नाव आहे आणि नुसत्या धडाडीपेक्षा, म्हणजे थ्रिल आवडणाऱ्यांपेक्षा, असं मूड बिघडला की ब्रेक सुटणारे लोक दारूत जास्त फसतात.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे माझी कॅपॅसिटी. ग्रुपमध्ये ह्याचा कोण अभिमान होता मला! चार पेग झाले तरी जीभ जड होत नसे, सगळ्यांना रूमवर सोडायला मीच. मित्र म्हणायचे ह्याला चढतच नाही राव, ह्याला काय होतंय. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हसूच आलं आधी, की न चढणं हाच धोका आहे. अमेरिकेत शुकिट नावाच्या डॉक्टरांनी तरुण पोरांची ही गोष्ट तपासली, ज्यांना तेवढ्याच दारूत कमी चढते त्यांच्यात पुढे व्यसन लागण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि दारूड्या बापांच्या पोरांमध्ये ही न चढणारी जास्त सापडली. साधं आहे, ज्याला दोनमध्ये उलटी होते तो दोनवर थांबतो, आपल्याला थांबा सांगणारं आत कुणी बसलेलंच नाही. त्यामुळे ताई, भाऊ जर म्हणाला की मला काही होत नाही, मी नॉर्मल असतो, तर ते ऐकून निश्चिंत होऊ नका.

बाटल्या धुऊन ठेवणं वाचून हसलो आणि मग नाही हसलो. मी थम्सअपच्या बाटलीत ओतून न्यायचो अभ्यासिकेत.

एक महत्त्वाचं. रोज पीत असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर "आजपासून बंद" अशी शपथ बिपथ घालू नका. एकदम तोडल्यावर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करतात ते.

नाना_फुरसुंगी
हल्ली कशालाही सायकॉलॉजी लावतात. मी पण लाजाळूच होतो, लग्नात बायकोशी बोलायला चार दिवस लागले, माझे वडील पण प्यायचे, मी थेंबाला शिवलो नाही. इच्छाशक्ती पाहिजे माणसाला.

मनकवडी
नाना, तुम्ही शिवला नाहीत म्हणून तर वाचलात ना, शिवला असतात तर काय झालं असतं ते तुम्हालाही माहिती नाही आणि मलाही नाही :) वडिलांचं बघून कायमचं दूर राहणारेही खूप असतात.

पण मुद्दा चांगला काढलात. धोका आहे म्हणजे होणारच असं नाही. पहिल्या पावसात रस्त्यावर ऑइल आणि खडी असते, सगळेच घसरत नाहीत, पण ज्याचा टायर गुळगुळीत झालाय आणि जो घाईत आहे त्याची शक्यता वाढते. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनात अनुवंशिकतेचा वाटा साधारण अर्धा धरतात, उरलेला अर्धा बाहेरचा, आणि जो रक्तातून येतो तोसुद्धा "दारूचा जीन" म्हणून येत नाही, कमी चढणं, उतावळेपणा, लवकर घाबरणं अशा रूपांत येतो. लहानपणी घरात मारहाण, कायमची भांडणं, आईवडिलांपैकी कुणी व्यसनी असणं, यानेही पुढचा धोका वाढतो. पहिला घोट किती वयात घेतला तेही लागतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत (१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या) पंधराच्या आत सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूवर अवलंबून झाले होते, एकविशीनंतर सुरू करणाऱ्यांत हेच साधारण १० टक्के. मेंदूचा लगाम धरणारा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो, तो अर्धवट असतानाच घोडा सोडला की असं होतं.

आपल्याकडे २०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीत देशात साधारण १६ कोटी लोक पितात असं आलं, त्यातल्या ५.७ कोटींना त्यासाठी मदतीची गरज आहे, म्हणजे पिणाऱ्या तिघांमधला जवळजवळ एक. उरलेले दोन कुठल्या इच्छाशक्तीने वाचले असं नाही, बऱ्याच जणांना कशापासून पळायचंच नव्हतं.

विमाननगर_पीजी
मुली वाचत असतील म्हणून लिहिते. मी २२ ते २६ जोरदार प्यायले आणि मला ती आवडतही नव्हती, चवच आवडत नव्हती! पण ऑफिसची टीम गुरुवारी बसायची आणि मला वाटायचं सगळ्यांना मनापासून हेच पाहिजे, मी एकटीच काकूबाई. दोन वर्षांनी त्याच टीममधली एक मैत्रीण म्हणाली की तिला अगदी हेच वाटायचं आणि ती माझ्याकडे बघून ऑर्डर करायची. म्हणजे मी तिच्याकडे बघून आणि ती माझ्याकडे बघून, बिल दोघींचं. नंतर वाचलं की प्रिन्स्टन विद्यापीठातही मुलांना विचारल्यावर हेच निघालं होतं, प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे ह्या पिण्याला आपल्यापेक्षा जास्त राजी आहेत.

आणि बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, तेवढ्याच दारूत रक्तातलं प्रमाण जास्त होतं, तेव्हा मुलांच्या बरोबरीने पेग मोजत बसू नका. माझं सुटलं सहज, टीम बदलली आणि संपलं. कारण मला दाबायचं असं काही नव्हतंच, नुसतं सामील व्हायचं होतं. तुमच्या भावाचं तसं वाटत नाही, कारण तो एकटा पितोय.

मनकवडी
हो, एकट्याने पिणं हे मीही लक्षात घेतलं असतं. तरुणपणी बरेच जण भरपूर पितात आणि अठ्ठावीस-तिशीपर्यंत लग्न, मूल, ईएमआय ह्यात आपोआप कमी करतात, त्यामुळे प्रत्येक शनिवारची पार्टी बघून घाबरायचं कारण नाही. पण एकट्याने, ठरावीक भीतीच्या आधी, लपवून, ह्या तीन गोष्टी एकत्र असतील तर वाट बघत बसू नये.

जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, चाळीस गुणांची. आठ किंवा जास्त आले तर काळजी घ्यावी, वीस किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची शंका घेऊन डॉक्टरांकडे जावं. त्याला तुम्ही परीक्षेसारखी भरायला लावू नका, सोबत बसून भरा. मधल्या गटातल्यांना चारदोन भेटींनीही फरक पडतो. गोव्यात संगथ संस्थेने आरोग्य केंद्रांमध्ये, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांकडून, जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन करून पाहिलं, २०१७ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलंय ते, तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा ह्या गटातले जास्त पुरुष धोक्याच्या पिण्यातून बाहेर आलेले होते. त्यात भाषण देत नाहीत, त्याच्याच तोंडून काढतात की त्याला काय हवंय.

आणि दारू सोडायला चल म्हणाल तर तो येणार नाही बहुतेक. बोलायच्या भीतीवर उपाय करू म्हणाल तर येईल. सोशल अँग्झायटीवर, म्हणजे ह्याच चारचौघांतल्या भीतीवर, चांगले उपचार आहेत. दारूबद्दल मात्र पहिल्याच भेटीत तिथे सगळं खरं सांगायला सांगा, कारण काही औषधं दारूबरोबर चालत नाहीत.

पेठेतला_काका
कार्डाचं मागे घेतो. बाकी दोन दिवस घरी जेवायला बोलवा त्याला, एवढं तरी माझं ऐका.

पावसाळी_छत्री
सगळ्यांना एकत्रच लिहिते, बारा दिवसांनी येतेय, सॉरी. पहिल्यांदा एका ठिकाणी फोन केला तर दीड महिन्यानंतरची वेळ दिली, आणि फोनवरच्या बाई "पेशंट दारूडा आहे का" असं विचारून मोकळ्या झाल्या, मी ठेवलाच फोन. मग १४४१६ वर, टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला लावला, तिथल्या मुलीने मराठीतच शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढे कुठे जायचं ते सांगितलं. दारूसाठी वेगळा १४४४६ आहे तोही लिहून दिला.

चाचणी आम्ही रविवारी माझ्या स्वयंपाकघरात भरली, मी मटार सोलत होते आणि तो मोबाईलवर प्रश्न वाचत होता. सकाळी उठल्यावर लागते का, तर नाही, हात थरथरत नाहीत, ते ऐकून मला जरा धीर आला. शेवटचा प्रश्न होता की नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टर कुणी तुमच्या पिण्याबद्दल काळजी व्यक्त केलीये का. वाचून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, तुझे चार मार्क. एकूण सतरा झाले.

दारूबद्दल त्याने अजून काही कबूल केलेलं नाही, मी आटोक्यात ठेवू शकतो हेच चालू आहे. पण बोलायच्या भीतीसाठी जायला तयार झाला, दोन भेटी झाल्या. तिथल्या मॅडमनी त्याला असं सांगितलंय की आठवड्यातला एक छोटा कॉल दारू न घेता करून बघ, मोठा नको, आणि भीती किती वाटली ते आधी आणि नंतर दहापैकी लिहून ठेव. काल तो कॉल त्याने माझ्या घरून केला. स्टीलच्या पेल्यात खरंच ताक होतं, मी स्वतः ओतलं. आधी नऊ लिहिले होते. आवाज थरथरत होता, एकदा समोरच्याने परत बोल म्हणून सांगितलं, तेव्हा मला वाटलं आता हा उठून बाथरूममध्ये जातोय. नाही गेला. नंतर सहा लिहिले. माझी लेक दारात उभी होती, विचारते, मामाला थंडी वाजतेय का.

रात्री परत वाकडला गेला. तिथे जाऊन काय केलं ते मी विचारलं नाही.

कोरडा_दिवस, तुम्ही मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात होतात का? आणि एक विनंती होती, त्याला तुमच्याशी बोलायचंय. म्हणजे तो तसं म्हणाला नाही, पण तुमचं ते थम्सअपच्या बाटलीचं मी त्याला वाचून दाखवलं, तर त्याने मोबाईल हातातून घेऊन सगळं परत वाचलं.

कोरडा_दिवस
हो, मुक्तांगणच, येरवड्याचं. अनिल अवचट आणि सुनंदाताईंनी १९८६ ला सुरू केलेलं. पण त्याला लगेच तिकडे न्यायची गरज आहे की नाही ते त्याच्या मॅडमना ठरवू दे, सतरा म्हणजे माझ्या तेव्हाच्या निम्मेच आहेत. घरच्यांसाठी पण गट असतात, ते मात्र तुम्ही स्वतःसाठी बघा, सगळं एकटीने ओढू नका.

शनिवारी संध्याकाळी मी डेक्कनला असतो, साडेसहानंतर मोकळा. मेसेज करून ठेवतो, येऊ दे त्याला चहाला. यायच्या आधी घेऊन आला तरी चालेल, फक्त ये म्हणावं.